ही ती कॅसेट नाही

भिलाई, सेक्टर ५
५ ऑक्टोबर १९९३

चि. वसू,

पत्राच्या सुरुवातीले ‘इकडे सर्व कुशल’ लिहायची पद्धत आहे. तुही आई असती तं तिनं लिहायले लावलंच असतं, म्हणून लिहून टाकतो. आता खरं सांगतो. कुशल काही नाई.

चार महिने झाले तुले नाशिकले जाऊन. हॉस्पिटलच्या लॅबमधी नोकरी बरी चालली, खोली भेटली, पाण्याचा त्रास आहे, हे सारं मले शेजारच्या शीलाबाईकडून समजते. तिले तुही दोन पत्रं आली. खाली लिहिलं, ‘बाबांना सांगा.’ कावून वं? बापाचा पत्ता तुले माहीत नाई? आमच्या अन् तिच्या क्वार्टरमधी एका भिंतीचा तं फरक आहे. पोस्टमनही माह्याकडे पाहून हसते.

मी माणूस सरळ आहो. तुह्या मनात काय आहे ते मले ठाऊक आहे. ते कॅसेटचं. एका कॅसेटसाठी कोणी बाप सोडून जाते, हे मी तं कधी ऐकलं नोतं.

झालं काय होतं ते एकदा नीट लिहितो, म्हंजे तुले समजन. मार्चमधी प्लांटात सेफ्टीचा सप्ताह होता. मले बक्षीस भेटलं, स्टीलचा चार खणांचा डबा, वर माहं नाव कोरलं, ‘श्यामराव कापगते, क्रेन ऑपरेटर.’ अन् मले भाषण करायले सांगतलं. सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा. तं म्हटलं, आपलं भाषण आपण टेप करून ठेवावं, टू-इन-वन घरात आहेच. घाईत हाती लागली ते कॅसेट घेतली. आता हाती लागली तुही, त्याले मी काय करू?

संध्याकाळी तू कॉलेजातून आली, टेप लावला, अन् गाण्याच्या जागी माहं भाषण. मंग टाळ्या. मंग साहेबाचं भाषण. तू स्वयंपाकखोलीच्या दारात उभी राहून काहीतरी बोलली. मी म्हटलं, ‘हाव हाव, नवी आणून देतो.’ यापेक्षा बापानं काय म्हणावं? त्यावर तू तीन महिने या घरात राहून माह्याशी ‘जेवा’ अन् ‘येते’ एवढंच बोलली. मंग पेटी उचलून चालली गेली.

अन् गाणी तरी कोणती? इंग्रजी रॉक प्रेमगीतं. त्या चरोद्याच्या ओमप्रकाशनं देल्लेली. मी काही आंधळा नाई.

पत्र लिहजो. शीलाबाईले नाई, मले.

बाबा

—

भिलाई
६ नोव्हेंबर १९९३

चि. वसू,

महिना झाला, उत्तर नाई. शीलाबाईलेही नाई. म्हंजे मागच्या पत्रात माहंच काही चुकलं असन. आठ दिवस विचार केला. चुकलं ते सांगतो.

कॅसेट घाईत हाती लागली हे मी खोटं लिहिलं. कपाटात माह्या भजनांच्या तीन कॅसेटा होत्या. त्यातली कोणतीही घेता आली असती. मी तुहीच घेतली. डबीवर तुह्या अक्षरात ‘वसूचे बारा’ लिहिलं होतं. तुही आई गेल्यापासून तू रोज कॉलेजातून आली का तेच लावून बसत होती. जेवायच्या वेळेलेही तेच. मले वाटे, त्या पोट्ट्यासाठी झुरून राहिली. मले राग होता, वसू. म्हटलं, पुसलीच गेली तं बरं.

अन् याहून वाईट सांगतो. तू कॅसेटच्या मागच्या दोन्ही खिट्ट्या तोडून ठेवल्या होत्या. त्या तोडल्या का टेप रेकॉर्ड करत नाई, बटण दबतच नाई, हे मले माहीत होतं. मी तिथं चिकटपट्टी लावली. मंग बटण दबलं.

आता मी भाषण कशावर केलं ते तुले माहीत आहे का? तू तं ऐकलंच नाई पुरं. लाल टॅगवर. मशीन दुरुस्त करायले जो माणूस आत जाते, तो स्विचवर आपल्या नावाचा लाल टॅग लावते. तो टॅग दुसऱ्या कोणी काढायचा नाई, साहेबानंही नाई. ज्यानं लावला त्यानंच काढायचा. एकदा आमचा फिटर जानराव टॅग न काढताच घरी निघून गेला. क्रेन बंद, सारं काम बंद, फोरमन बोंबलून राहिला का काढ रे श्यामराव, जानराव गेला तं घरी. मी नाई काढला. सायकलनं कुम्हारीले गेलो, जानरावले ताटावरून उठवून डबलसीट आणलं, अन् त्याच्या हातानं टॅग काढवला. साऱ्या भाषणात लोकाईनं याच गोष्टीवर जास्तीच्या टाळ्या वाजवल्या.

अन् ते भाषण मी तुहा टॅग काढून टेप केलं. आता हस.

मी तुही डबी घेऊन सुपेल्याले बाबुलालच्या दुकानात गेलो. तो पसंतीची गाणी भरून देते, तुले माहीतच आहे. डबीतल्या कागदावर बाराही नावं तुह्या हातची आहेत, पण इंग्रजीत. बाबुलाल चष्मा लावून वाचे अन् माह्याकडे पाहे. म्हणे, ‘श्यामराव भैया, तुंहर घर में कोन सुनथे ये सब?’ मी म्हटलं, मी ऐकतो. म्हणे, ही एका ठिकाणी भेटत नाईत, वेगवेगळ्या संग्रहांतली वेचलेली आहेत, पोरीची पसंती भारी आहे. मले बरं वाटलं. तुह्या पसंतीले कोणी भारी म्हटलं तं मले बरं वाटते, हे मलेही तवाच समजलं.

पंधरा दिवस लागले. बारातली नऊ भेटली. दुसऱ्या बाजूची तुही सहा तशीच शाबूत होती, मी फक्त पहिली बाजू खराब केली होती, पण बाबुलाल म्हणे सारीच नवीन करू, आवाज चांगला येईन.

मी त्याच्याजवळ स्टुलावर बसून सारी ऐकली. आता मले या गाण्याईचं तंत्र समजलं. आधी एक माणूस एकटाच हळूहळू काहीतरी गुणगुणते, इतकं हळू का मले तं काहीच ऐकू येत नाई. मंग एकाएकी ढोल पडते, अन् प्लांटाची पाळी सुटल्यासारखे सारेच धावत येतात, ओरडतात. तिथून मले आवडते. सुरुवातीचं ते कावून ठेवतात, देव जाणे.

दिवाळीच्या आत भेटन म्हणून आज पार्सल करून राहिलो. कॅसेट आहे, शीलाबाईचे अनारसे आहेत. अनारसे मोडले असतीन तं चुरा खाजो.

बाबा

—

भिलाई
१ डिसेंबर १९९३

चि. वसू,

तुहं कार्ड भेटलं. ‘कॅसेट मिळाली. ही ती नाही.’

पाच शब्द. अनारस्यांबद्दल एक शब्द नाई, शीलाबाईले काय सांगू? तिले मी सांगतलं का पोरीले लय आवडले. खोटं बोलायची सवय लागून राहिली मले तुह्यापायी.

पहिल्या दिवशी राग आला. कार्ड फेकलं पलंगाखाली. दुसऱ्या दिवशी काढलं, पुसलं. सहा महिन्यांत तू मले लिहिलेलं पहिलं अक्षर आहे ते. पत्ता तुह्या हाताचा, ‘श्री. श्यामराव कापगते’. हे तुही आई असती तं देव्हाऱ्याजवळ ठेवलं असतं. मी रेडिओखाली ठेवलं.

आता मले सांग, ‘ती’ म्हंजे कोणती? बारातली तीन नाईत म्हणून? का बाबुलालनं गाण्याईचा क्रम चुकवला? मी त्याले तुहं कार्ड दाखवलं. तो विचार करून म्हणे, काही लोकाईले आपल्याच कॅसेटचा आवाज पाहिजे असते, जिथं खरखर तिथं खरखर. म्हणे, वसूबेटीनं ते कोणाकडून उतरवली होती त्याच्याकडे जा.

कोणाकडे जावं लागते ते तुले समजलंच. मले त्या पोट्ट्याच्या दारात जायची इच्छा नाई. पण जाईन. येत्या सुट्टीले जाईन. तुले चालत नसन तं त्याआधी मना करजो. एवढ्यासाठी तरी एक कार्ड टाक.

बाबा

—

भिलाई
२२ डिसेंबर १९९३

वसू,

आज पत्र लांब आहे. अक्षर लागलं नाई तं दोनदा वाच.

मी काल चरोद्याले गेलो. लोकलनं. रेल्वे कॉलनीत ओमप्रकाशचं क्वार्टर विचारत गेलो. मनात सारं बोलायचं जमवून ठेवलं होतं, का बाबू, माह्या पोरीच्या मागं तू कावून लागला. दार त्याच्या आईनं उघडलं, कौशल्याबाईनं. घरात चुना लावून राहिले होते. मे महिन्यात त्याचं लग्न आहे, पोट्टी गोंदियाची. बोलणी दोन वर्षांपासून ठरलेली. वसूले तं माहीत आहे म्हणे, तिनंच साडीचा रंग सांगतला होता. मी तिथं तोंड पाडून बसलो. चहा घेतला, साखर जास्त होती, तरी दुसरा कप घेतला.

ओमप्रकाश यार्डातून ड्यूटी करून आला. चांगला पोट्टा आहे वं. सांगतलं त्यानं, का रॉक प्रेमगीतांच्या कॅसेटांचे तीन संग्रह त्याच्या मामाचे होते. एक हप्ता त्यानं तुले वापरायले देल्ले, संगं आपला टेपही. तुह्याकडे वायर नोती, म्हणून तू आपल्या बैठकीत दोन्ही टेप तोंडाले तोंड लावून ठेवले, अन् एकात वाजवून दुसऱ्यात भरलं. साऱ्या घराले चूप बसवून. मंग मामा संग्रह घेऊन गेला. ओमप्रकाशकडे काही राहिलं नाई, म्हणून एकदा तुही कॅसेट ऐकायले नेली, तवा त्यानं न विचारता आपल्यासाठी एक उतरवून घेतली. हे सांगताना लाजला.

मी म्हटलं, तेच दे मले, मी उतरवून परत करतो.

तो म्हणे, ‘काका, मत ले जाओ. ते खराब आहे. चौथ्या गाण्यात कोणीतरी बाई बोलते.’

मी म्हटलं, कोण बाई?

म्हणे, ‘मालूम नहीं. सुरुवातीलेच. गाणं हळू असते, तिथं.’

लाव, म्हटलं. त्यानं लावली. मी टेपजवळ बसलो. तीन गाणी झाली. चौथं लागलं अन् मले काहीच ऐकू आलं नाई. मंग ढोल पडला. मी म्हटलं, कुठं बाई? तो म्हणे, होऊन गेलं काका. त्यानं मागं फिरवली. परत काही नाई. तिसऱ्यांदा मी कान टेपले टेकवला, तळहात जाळीवर ठेवला. नाई. चौथ्यांदा मी त्याले म्हटलं, बाबू, ती काय म्हणते ते तूच म्हण.

त्यानं म्हटलं. जसं आहे तसं.

‘वसू, हळू कर नं वं. तुहे बाबा नाईट करून आले. झोपू दे त्याईले.’

अन् मंग तू म्हणते, ‘हाव.’

तो तुह्या आईले ओळखत नोता. त्याच्या तोंडून तिचे शब्द असे सरळ आले, कोऱ्या कागदावरून वाचल्यासारखे. मी कौशल्याबाईच्या देखत रडलो. लाज नाई वाटली. त्या बिचारीनं चुना सुकवायले लावलेला पंखा बंद केला.

वसू, मले ऐकू येत नाई. डावा कान पुरा गेला, उजव्यात अर्धं येते, तेही जाडं असन तं. पाच-सहा वर्षं झाली. दोष माहाच आहे, कानात बोळे घालायले सांगत, मी खिशात ठेवत होतो. सेफ्टीचं बक्षीस घेणारा माणूस. नोकरीचं दीडच वर्ष राहिलं, कोणाले समजू नये म्हणून लपवलं. कोणी हळू बोललं का मी ‘हाव हाव’ म्हणतो. तुह्या आईले माहीत होतं. ती माह्या उजव्या बाजूनंच बसे. तिनं तुलेही नाई सांगतलं.

आता मले समजलं. त्या दिवशी तू स्वयंपाकखोलीच्या दारात उभी राहून जे बोलली, ते हेच होतं नं? ‘बाबा, त्यात आई होती.’ असंच काही बोलली असशील. अन् मी म्हटलं, हाव हाव, नवी आणून देतो.

हे देवा. पोरी, मी ऐकलंच नाई. तुह्या गळ्याची शपथ, मले ऐकू आलं नाई. तुले वाटलं बापानं ऐकलं अन् तरी असं म्हटलं. तीन महिने तू कशी राहिली असशील या घरात?

तू झुरत होती ते आईसाठी. अन् मी दोन वर्षं त्या बिचाऱ्या पोट्ट्याले शिव्या देल्ल्या. आपण दोघंही तिच्याबद्दल कधी बोललो नाई. मी बोललो असतो तं तू मले सांगतलं असतं का बाबा, ये बस, आई ऐकवते.

कॅसेट माह्याकडे आहे. ओमप्रकाशनं आपलीच देऊन टाकली, म्हणे काका, ही तुमचीच आहे. बाबुलालकडून आणखी एक उतरवून घेतली, ते त्याच्या दुकानातच ठेवून आलो, जपून. त्यानंही चौथं गाणं ऐकलं. खरखर साफ करून देऊ का म्हणे. मी म्हटलं, हात लावू नको.

पोस्टानं पाठवू का? पार्सल गहाळ होते म्हणून भीती वाटते. तू सांगशील तसं करतो.

बाबा

—

भिलाई
१७ जानेवारी १९९४

चि. वसू,

तुहं कार्ड आज सकाळी आलं. ‘पोस्टाने पाठवू नका. मी घ्यायला येते. तीस तारखेला दुर्गला उतरेन.’ खाली लिहिलं, ‘अनारसे चांगले होते.’ मी शीलाबाईले नेऊन दाखवलं. ती म्हणे, सांगतलं होतं नं तुम्ही आधीच.

मी तीस तारखेची सुट्टी टाकली. कान दाखवायले डॉक्टरकडेही जाऊन आलो, प्लांटात सांगून टाकलं. आता मले खाली बसून करायचं काम देतीन. क्रेन सुटली, थोडं वाईट वाटलं. पण ज्याले खालच्या माणसाचं ओरडणं ऐकू येत नाई त्यानं वर बसू नये. हे सेफ्टीच्या भाषणात सांगायले पाहिजे होतं.

कॅसेटच्या दोन्ही खिट्ट्या मी स्क्रूड्रायव्हरनं तोडल्या. घरातली चिकटपट्टी शीलाबाईले देऊन टाकली. डबीले प्लांटातला लाल टॅग बांधला, सुतळीनं. त्यावर नावाच्या जागी तुहं नाव लिहिलं, वसुंधरा कापगते. आता तू येईस्तोवर तो कोणी काढणार नाई. रोज पाहतो, ऐकत नाई. ऐकून मले काय समजणार आहे?

म्हणून एक काम आहे तुह्याकडे. आली का माह्या उजव्या बाजूले बसजो. चौथं गाणं लावजो. आई बोलली का लगेच माह्या कानात म्हणजो, जाड आवाजात, ती म्हणे तसंच. मंग ढोल मीच ऐकतो.

अन् वसू, टेपचा आवाज कमी करू नको. मी जागा आहो.

बाबा